पेडव्याचा काटा आणि तीन साहेब

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, तळकोकणातला, आणि माशाचा काटा घशात अडकणं हे आमच्याकडे पडसं झाल्यासारखं असतं. सुका भात गिळा, केळं खा, पाठीत दोन गुद्दे, विषय संपला. पण गेल्या श्रावणाच्या आदल्या रात्री, म्हणजे आता महिनाभर नाही म्हणून जरा जास्तच मन लावून पेडवे (लहान, काटेरी मासे) खात होतो, तेव्हा जो काटा आडवा बसला तो भात, केळं, सासूबाईंचा अंगारा कशालाच बधेना. रात्री अकराला खाजगीत न्यावं लागलं, दुर्बीण घातली, काटा निघाला आणि बिल आलं साडेसोळा हजार. पेडव्याचा वाटा शंभराचा होता हो!

स्टाफरूममधे सगळे म्हणाले काळजी कशाला, मेडिकल बिल टाका, सरकारकडून पैसे परत मिळतात. सरकारी कर्मचाऱ्याने खाजगीत उपचार घेतले तर ते अचानक उद्भवलेलं किंवा ठराविक गंभीर दुखणं पाहिजे, आणि 2005 च्या जीआरमधे अचानकच्या 27 दुखण्यांची यादी आहे. हार्ट अटॅक, उष्माघात, प्राणी चावून झालेली विषबाधा, आणि चक्क कान, नाक, घशात अडकलेला 'विजातीय पदार्थ'. ज्या कुणी हे लिहिलं त्याने नक्की कधीतरी पेडवे खाल्ले असणार. मी खूश.

मग प्रपत्र अ, ब, क, ड असं सगळं जोडून (पहिलीच्या पोरांना मी हेच शिकवतो, पण त्यांना झेरॉक्स लागत नाही) फाईल निघाली. मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, पंचायत समिती. तिथे क्लार्क म्हणाला बिल आधी तपासून आणा, आरोग्यवाल्यांकडून. मी सरळ विचार केला, आपण झेडपीचे, जिल्हा आरोग्य अधिकारी (डीएचओ) पण झेडपीचे, म्हणजे घरचेच. गेलो. ते म्हणाले गुरुजी, आमच्याकडे उपकेंद्र आणि पीएचसी म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, लसीकरण, साथीचे रोग. बिल सिव्हिल सर्जनकडे, म्हणजे जिल्हा रुग्णालयाच्या साहेबांकडे.

आता हे मला पन्नाशी जवळ आली तरी माहीत नव्हतं. एकाच जिल्ह्यात सरकारी आरोग्याची दोन घरं आहेत. सहा खाटांची पीएचसी डीएचओंची म्हणजे झेडपीची, आणि तीस खाटांचं ग्रामीण रुग्णालय सिव्हिल सर्जनचं, म्हणजे थेट राज्याचं. माणूस आजारी एकच पडतो, पण रस्त्याच्या अलीकडे पडला तर झेडपीचा, पलीकडे पडला तर राज्याचा. या दोघांच्या वर उपसंचालक, राज्यात अशी आठ मंडळं आहेत आणि आम्ही राहतो समुद्रावर पण आमचं मंडळ घाट चढून कोल्हापूरला. तांबड्या-पांढऱ्याच्या गावात पेडव्याचं दुःख कोणाला कळणार, देव जाणे.

सिव्हिलला गेलो तर गेटवर दोन बोर्ड. मधल्या काळात तिथे मेडिकल कॉलेज आलं, म्हणजे खातं बदललं, सार्वजनिक आरोग्याचं वैद्यकीय शिक्षण झालं आणि सिव्हिल सर्जनशिवाय आणखी एक साहेब आले, अधिष्ठाता, म्हणजे कॉलेजचे डीन. मी चुकून त्यांच्या दारात तासभर बसलो. शिपाई म्हणाला हंय पेशंट, बिला तंय. तंय गेलो.

तंयच्या टेबलावरच्या भाऊंनी फाईल उघडली, चष्मा वर केला आणि विचारलं, 15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यात सगळं मोफत आहे, मग खाजगीत कशाला गेलात? म्हटलं भाऊ, रात्री अकरा, घशातून शब्द फुटत नव्हता, कुठला विभाग उघडा आहे हे विचारणार कसं? त्यांना ते पटलं असावं कारण ते पुढच्या त्रुटीकडे वळले. डिस्चार्ज कार्डावर 'फॉरेन बॉडी' (तोच विजातीय पदार्थ) लिहिलंय आणि तुमच्या अर्जात पेडवा. पेडवा फॉरेनचा कसा? मी म्हटलं मालवणचाच, बायकोने बाजारातून आणलेला. मग तसं डॉक्टरकडून लिहून आणा.

डॉक्टर हसले, पण लिहून दिलं. काटाही एका डबीत घालून दिला, लागला तर असावा म्हणून. तो मी तीन फेऱ्या खिशात घेऊन फिरलो, कोणीही बघितला नाही. एका फेरीत साहेब मीटिंगला, एका फेरीत व्हीसीला (व्हिडिओवरची मीटिंग), तिसऱ्या फेरीत साहेबांचीच बदली. दरम्यान श्रावण संपला, गणपती आले आणि गेले, नवरात्र झालं. मी घरी फक्त चिकन खातोय.

परवा पाचव्यांदा गेलो तेव्हा जेवणाची सुट्टी. भाऊ डबा उघडून बसलेले, माझ्या फाईलवर पेपर पसरलेला, पेपरवर पेडव्याचं तिखलं. एकेक काटा शांतपणे काढून पेपरच्या कडेला ओळीने लावत होते, एवढी नीट कामाची रांग मी त्या ऑफिसात पहिल्यांदा बघितली. मला बघून मान वर न करता म्हणाले,

"गुरुजी, काटो आधी काढूचो, मगे खावचा. बिल काढण्यापेक्षा ता सोप्पा."

मग हात धुऊन आले आणि फाईलवर पडलेला रस्सा टिपत म्हणाले, हे पान जरा नवीन झेरॉक्स करून आणा.