मोठा प्लॅन घेण्याआधी एकदा वायर लावून मोजा

घरचं नेट रडायला लागलं की लोक दोनच गोष्टी करतात. कस्टमर केअरला फोन लावतात, नाहीतर सरळ वरचा प्लॅन घेतात. माझं ठाम मत आहे की केबल इंटरनेटच्या, म्हणजे टीव्हीच्या केबलमधून येणाऱ्या नेटच्या बाबतीत ही दोन्ही कामं सगळ्यात शेवटी करायची. दुखणं बहुतेक वेळा प्लॅनमध्ये नसतंच. आणि स्पीड टेस्टमध्ये आपण ज्या एका मोठ्या आकड्याकडे बघतो, तो त्या दुखण्याबद्दल फार कमी सांगतो.

पहिली गोष्ट, मोबाइलवर वायफायने घेतलेली टेस्ट ही तुमच्या लाइनची टेस्ट नव्हेच. ती लाइन, मोडेम, राउटर, मधल्या भिंती, शेजाऱ्यांचे वायफाय आणि तुमचा मोबाइल या सगळ्यांची मिळून झालेली टेस्ट असते. त्यातलं नेमकं कोण कमी पडलं, हे त्या आकड्यावरून कळायला काही मार्ग नाही. म्हणून लॅपटॉप लॅन केबलने थेट मोडेमला जोडा. व्हीपीएन बंद, फोटोंचा बॅकअप बंद, घरातल्या बाकीच्यांना पाच मिनिटं नेट सोडायला सांगा आणि मग मोजा. सकाळी मोजा, रात्री गर्दीच्या वेळी पुन्हा मोजा. वायरवर पूर्ण स्पीड येतोय आणि वायफायवर निम्मा, तर कंपनीशी भांडून काहीही मिळणार नाही. राउटर कपाटातून बाहेर काढा, उंचावर ठेवा, जवळच्या खोल्यांसाठी ५ गिगाहर्ट्झ वापरा. २.४ वरच राहावं लागत असेल तर चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी जो मोकळा असेल तो घ्या.

एककाचा घोळ तर कायमचाच. प्लॅन मेगाबिटमध्ये विकतात आणि डाउनलोडची खिडकी मेगाबाइट दाखवते. आठ बिटांचा एक बाइट, त्यामुळे १०० एमबीपीएसच्या लाइनवर फाइल सेकंदाला १२ मेगाबाइटच्या आसपास उतरत असेल तर सगळं व्यवस्थित आहे. कुणीही फसवलेलं नाही.

वायर लावूनही टेस्ट दर वेळी ९४ किंवा ९५ वरच अडत असेल, तर हा आकडा नीट लक्षात ठेवा. प्लॅन ३०० चा असो की ५०० चा, ९४ वर चिकटलेली टेस्ट म्हणजे मधे कुठेतरी १०० एमबीपीएसचा जोड झालाय. गिगाबिटला लॅन केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात. एखादी तार दबली, पिन वाकली की जोडणी गुपचूप १०० वर उतरते आणि नेट चालूच राहतं, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. केबल बदलून बघा. तरीही तेच आलं, तर राउटरचा किंवा लॅपटॉपचा पोर्टच १०० चा आहे का ते तपासा.

जुन्या मोडेमचंही असंच. डॉक्सिस म्हणजे केबलवरून नेट चालवायचं तांत्रिक मानक. त्याच्या ३.० आवृत्तीपासून मोडेम अनेक चॅनेल एकत्र बांधून स्पीड वाढवतात. ६ मेगाहर्ट्झच्या एका चॅनेलवर साधारण ३८ एमबीपीएस मिळतात. मोडेम चारच चॅनेल पकडणारा असेल तर ३०० चा प्लॅन घेऊनही तुम्ही दीडशेच्या आसपासच राहणार.

आता ज्याबद्दल मला सगळ्यात कळकळ आहे ते. व्हिडिओ कॉल अडकतो, गेम मधेच थबकतो, आणि टेस्ट मात्र छान २०० दाखवते. अशा वेळी डाउनलोड सोडा, लाइन भरलेली असतानाचा पिंग, म्हणजे सिग्नल जाऊन परत यायला लागणारा वेळ बघा. रिकाम्या लाइनवर १५ मिलिसेकंद असलेला पिंग कुणी मोठी फाइल अपलोड करायला घेतल्यावर ५०० वर जात असेल, तर मोडेममध्ये किंवा राउटरमध्ये पॅकेटांची, म्हणजे डेटाच्या तुकड्यांची लांबच लांब रांग साचतेय. याला बफरब्लोट म्हणतात. संगणक-तज्ज्ञ जिम गेटिस यांनी साधारण २०१० पासून यावर सातत्याने लिहून हा प्रश्न लोकांपुढे आणला.

केबलवर हा त्रास जास्त होतो, कारण इथे अपलोडची वाट मुळातच अरुंद आहे. पारंपरिक रचनेत वर जायला ५ ते ४२ मेगाहर्ट्झ एवढाच पट्टा आहे, बाकी जवळपास सगळा खाली येणाऱ्या सिग्नलसाठी. शिवाय डाउनलोडच्या पोचपावत्याही याच वाटेने जातात. म्हणजे एका मोबाइलचा बॅकअप अख्ख्या घराचं डाउनलोड बसवू शकतो. मोठा प्लॅन घेऊन हे जाईलच असं नाही. राउटरमध्ये एसक्यूएम किंवा एफक्यू-कोडेल (ही रांग आटोक्यात ठेवणाऱ्या सोयी) असेल तर ते चालू करा आणि वायरवर मोजलेल्या स्पीडच्या ९० टक्क्यांच्या आसपास मर्यादा घाला. मोठा आकडा थोडा घटेल. पण कॉल सुरळीत चालेल, आणि रोजच्या वापरात तेच महत्त्वाचं आहे.

वायरवरचाच स्पीड कमी असेल, तर ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ उघडा. बऱ्याच केबल मोडेमचं माहितीचं पान तिथे मिळतं. डाउनस्ट्रीम पॉवर (खाली येणाऱ्या सिग्नलची ताकद) साधारण उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्हीच्या आत हवी, एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती वर आहे तो आकडा) ३३ डीबीच्या वर. अपस्ट्रीम, म्हणजे वर जाणाऱ्या सिग्नलची पॉवर ५० च्या पुढे गेली असेल तर मोडेमला ओरडून बोलावं लागतंय असं समजा. अनकरेक्टेबलचा, म्हणजे दुरुस्त न होणाऱ्या चुकांचा आकडा तासातासाला चढत असेल तर केबलमध्ये बिघाड आहे. यातलं बरंच काही घरातच सुटतं. एक केबल दोन ठिकाणी वाटणारा दोन तोंडांचा स्प्लिटर साडेतीन डीबी खातो, म्हणजे सिग्नल निम्म्याच्याही खाली. टीव्हीसाठी कधीकाळी लावलेले, आता कुणी वापरत नसलेले स्प्लिटर काढून टाका. मोडेममागची गोल पिन बोटांनी फिरवून बघा. ढिली असेल तर आवळा, आतली तांब्याची तार हिरवी-काळी पडली असेल तर पिन नवी बसवून घ्या.

हे सगळं ठीक असून फक्त रात्रीच स्पीड कोसळत असेल, तर तुमचा नोड, म्हणजे परिसरातल्या घरांना जोडणारा कंपनीचा जोडबिंदू, भरलाय. एका नोडवर अनेक घरं असतात आणि ती क्षमता सगळ्यांत वाटली जाते. हे घरी बसून दुरुस्त होत नाही, ते कंपनीनेच करायचं. इथे मात्र मागे हटू नका. सकाळच्या आणि रात्रीच्या वायरवरच्या टेस्ट, सोबत मोडेमच्या त्या पानाचे फोटो, तारीख-वेळेसकट लेखी तक्रारीला जोडा. "मोडेम बंद करून चालू करा" या उत्तरावर तक्रार बंद करू देऊ नका. त्याच लाइनवरचे शेजारीही तक्रार करायला तयार असतील, तर सगळ्यांनी एकाच आठवड्यात करा.