‘नीट मोजले असते तर’ या आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

संगणकाच्या जुन्या कॅबिनेटच्या (पत्र्याच्या पेटीच्या) छतावर, आतले भाग पाण्याने थंड ठेवणारा रेडिएटर बसवताना आलेल्या अडचणींविषयीचा माझा लेख आपण बारकाईने वाचलात, याबद्दल मनापासून आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे, की आधी संगणकावर ड्रॉइंग करून लेझर कटिंग करून घेतले असते तर यांतली एकही अडचण आली नसती; फाटके आणि इलेक्ट्रिकल पॅनेल रंगवणाऱ्या, नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यावर कॅबिनेट रंगवण्याचे असले नाजूक काम द्यायलाच नको होते; आणि मागच्या बाजूला उघडा पडलेला पत्रा पाहता, एवढ्या खर्चात चांगले तयार कॅबिनेट आले असते.

ज्यांना केवळ हवा खेळती हवी आहे, त्यांनी जाळीच्या दर्शनी भागाचे तयार कॅबिनेट घ्यावे, हे मलाही मान्य आहे. बाकीचे आक्षेप मात्र मला पटत नाहीत.

१२० मिमीच्या पंख्याच्या छिद्रांमधले अंतर १०५ मिमी असते, लगतच्या पंख्याचे छिद्र तिथून १५ मिमीवर येते, रेडिएटर २७ मिमी जाड आणि त्याखालचा पंखा २५ मिमी. ही सगळी मापे कागदावर होती आणि सर्व छिद्रे जुळलीही. अडचण पत्र्याची होती. छताचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो. त्याचा ताठपणा त्याच्या सलगपणात आणि कडांच्या दुमडीत असतो. मधला मोठा तुकडा कापून काढला की उरलेल्या चिंचोळ्या पट्ट्यांत तो ताठपणा राहत नाही, शिवाय ग्राइंडरने कडा तापतात आणि पत्र्याला झोल येतो. माझ्या छताची मधली पट्टी बोटाने दाबली की ‘टक्’ आवाज करून आत जाई आणि बोट काढले की पुन्हा वर येई. हे ड्रॉइंगमध्ये दिसत नाही. लेझरमध्ये उष्णता फार थोड्या भागापुरती राहते, हे खरे. पण लेझरचे यंत्र सहसा सपाट पत्रा कापते आणि दुमडलेल्या कडांचे, सांगाड्याला रिव्हेट केलेले छत त्याच्या टेबलावर नीट बसत नाही. त्यासाठी नवा पत्रा कापून वाकवून घ्यावा लागतो, म्हणजे छतच नवे करावे लागते. कापलेल्या भागाच्या कडेने आतून ॲल्युमिनियमचा बारीक अँगल रिव्हेट केला, तेव्हा झोल गेला.

आता गाळ्याबद्दल. पावडर कोटिंग, म्हणजे भुकटीच्या रूपात फवारलेला रंग, भट्टीत साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला पक्के होते आणि साधी मास्किंग टेप त्या उष्णतेला टिकत नाही. म्हणून स्टँडऑफच्या (मदरबोर्ड ज्यांवर बसतो त्या छोट्या खुंट्यांच्या) भोकांतले आटे बुजू नयेत यासाठी त्यांत जुने स्क्रू बसवूनच कॅबिनेट दिले होते. आटे वाचले, पण रंगाचा थर स्क्रूच्या डोक्यावरून पत्र्यापर्यंत सलग बसला होता, त्यामुळे पहिला स्क्रू फिरवताच भोवतालच्या रंगाचा टवका निघाला. ते पाहून गाळ्यावरच्या कारागिराने धारदार पाते घेऊन पुढच्या स्क्रूच्या कडेने गोल चीर पाडली आणि मगच तो फिरवला. त्यानंतर एकही टवका उडाला नाही. हे ज्ञान त्यांना फाटके आणि पॅनेल रंगवूनच आलेले आहे, त्यामुळे त्या कामाचा उल्लेख उणेपणा म्हणून झालेला मला रुचला नाही.

आपण ज्याला बेफिकिरी म्हटले आहे, तो मागचा उघडा पत्रा मी मुद्दाम ठेवला आहे. पावडर कोटिंगमधून वीज वाहत नाही. पॉवर सप्लायची धातूची पेटी तिसऱ्या पिनमार्गे अर्थिंगला जोडलेली असते, आणि ती पत्र्याला टेकते म्हणून सगळे कॅबिनेट अर्थ होते. ती टेकण्याची जागाच रंगाने झाकली, तर हा जोड केवळ स्क्रूच्या आट्यांच्या भरवशावर राहतो. म्हणून पॉवर सप्लायच्या चारही स्क्रूंच्या बैठकीवरचा रंग बारीक पॉलिश पेपरने, खालचा पत्र्यावरचा जस्ताचा थर जाणार नाही इतपतच, खरवडला आणि प्लगच्या तिसऱ्या पिनेपासून पत्र्यापर्यंतचा मार्ग मल्टिमीटरने तपासला. नाशिकमधल्या कितीतरी जुन्या वाड्यांत आणि इमारतींत सॉकेटचे अर्थिंगच तुटलेले असते. तिथे कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. अशा घरात नुसता रंग खरवडून भागणार नाही, आधी वायरमनला बोलावून सॉकेट दुरुस्त करून घ्यावे लागेल. ही सूचना मूळ लेखातही ठळकपणे द्यायला हवी, म्हणून ती आज जोडत आहे.

बाजूच्या खिडकीसाठी आपण ॲक्रिलिक सुचवले आहे. ते दिसायला स्वच्छ असते आणि त्यावर ओरखडेही कमी पडतात. पण लोखंडासाठीच्या ड्रिल बिटने छिद्र पाडताना बिट पलीकडे निघते त्याच क्षणी त्याला तडा जाण्याची भीती असते, आणि कापलेल्या कडेला स्पिरिट लागले तर तिथे केसासारख्या बारीक भेगा पडतात. स्क्रूने आवळायच्या खिडकीसाठी म्हणूनच मी ३ मिमी पॉलिकार्बोनेट घेणार आहे.