हजेरीचा बोनस आणि खाडा

आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवा पुन्हा तोच वाद रंगला: मुलांना शाळेत लैंगिक शिक्षण द्यावं की नको. एकाने लिहिलं, "आपल्याकडे संस्कार शिल्लक आहेत म्हणून बरंय. तिकडे चीनमध्ये बघा, मोकाट सुटलेत सगळे." मी सहा वर्षं शेन्झेनमध्ये राहते, त्यामुळे आता मी काहीतरी बोलणार असं सगळ्यांनी धरूनच चाललं.

मी ज्या कारखान्यात माल तपासते, तिथे लाइनवरच्या मुली वीस-बावीसच्या. हॉस्टेलवर एका खोलीत आठजणी, दुमजली पलंग. प्रत्येकीचं खासगी आयुष्य पलंगाला लावलेल्या पडद्याएवढं. मित्राला भेटायचं तर तासावर मिळणारी लॉजची खोली. त्यातली एक माझ्यासोबत जेवायला बसते. मध्यंतरी तिचा रक्तस्राव थांबेना. विचारलं तेव्हा कळलं, महिन्यात तीनदा तातडीची गर्भनिरोधक गोळी घेतलेली. मोबाइलवरून मागवली की वीस मिनिटांत पोऱ्या गेटवर आणून देतो. "मोठ्या दवाखान्यात जा," म्हटलं. तर म्हणाली, "बोनस जाईल ना, ताई."

इथे महिनाभर एकही सुट्टी न घेणाऱ्याला पूर्ण हजेरीचा बोनस मिळतो. अर्धा दिवस बुडाला तरी तो गेला. त्यात तिची वैद्यकीय विम्याची नोंद गावाकडची, म्हणजे इथे त्याचा फायदा कमीच. हुकौ, म्हणजे जन्मगावाला बांधून ठेवणारी कुटुंबनोंदणी, 1958 पासून चालत आली आहे. अशी गाव सोडून किंवा शेती सोडून कामाला लागलेली माणसं देशात जवळपास 30 कोटी. संस्कार कमी पडले म्हणून ती पोरगी दवाखान्यात गेली नाही, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणि मोकाट कसले! 2017 मध्ये हांग्झोच्या एका शाळेने प्राथमिकच्या मुलांना लैंगिक शिक्षणाचं पुस्तक वाटलं, पालक खवळले, शाळेने पुस्तकं परत घेतली. आपल्या महाराष्ट्र सरकारने 2007 मध्ये किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम राज्यात बंद केला, तेव्हाची भाषणं आणि हांग्झोच्या पालकांची तक्रार शेजारी ठेवली तर फरक फक्त लिपीचा. एक मूल धोरणाच्या काळात सरकारने बायकांच्या गर्भाशयाचा हिशेब ठेवला, पण तो लग्न झालेल्यांचा. अविवाहित पोरीला पाळीबद्दलसुद्धा कोणी धड सांगितलं नाही. तिच्यासाठी होती ती बसवर लावलेली 'वेदनारहित गर्भपाता'ची जाहिरात. आता पोरं जन्माला येत नाहीत म्हणून सरकार हवालदिल, तर 1993 पासून असलेली सूट काढून जानेवारी 2026 पासून निरोधवर 13 टक्के कर लावला. कर लावल्याने पाळणे हलतात, हे मला तरी नवीनच.

शिकलेल्यांचं वेगळं. जून 2023 मध्ये शहरी तरुणांमधली बेकारी 21.3 टक्क्यांवर गेली आणि पुढच्या महिन्यापासून आकडाच काही काळ छापायचा बंद झाला. नोकरी लागली तरी नऊ ते नऊ, आठवड्याचे सहा दिवस. घर घेता येत नाही म्हणून लग्न नाही: 2013 मध्ये 1 कोटी 34 लाख लग्नं नोंदली गेली, 2024 मध्ये 61 लाख. लग्न दहा वर्षांनी पुढे ढकललं म्हणून शरीर काही थांबत नाही. त्या दहा वर्षांत कोणत्या डॉक्टरकडे जायचं, काय विचारायचं, हे ना घरी सांगितलेलं, ना शाळेत.

ग्रुपवर मी एवढं सगळं लिहिलं नाही. आम्ही बीडचे, म्हणून एकच विचारलं: खाडा आठवतो का? ऊसतोडीला गेलेल्या कोयत्याने, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीने, एक दिवस बुडवला की मुकादम दंड लावतो. 2019 मध्ये सरकारी समितीने आपल्या जिल्ह्यातल्या 82 हजार ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यात 13 हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. कितीतरी ऐन तिशीतल्या. पाळीत खाडा नको, ही धास्ती त्यामागे होतीच. तेव्हा संस्कार कुठे होते, हे मी विचारणार होते, पण ग्रुपवर आमच्या बाई आहेत.

ती पोरगी शेवटी दवाखान्यात गेली. ऑर्डर कमी पडल्या आणि लाइन दोन दिवस बंद राहिली, तेव्हा.