आधी टप लावून दाखवा

काल ताईला घेऊन एका डीलरकडे गेलो. गाडी घ्यायची नव्हती, ‘नुसती बघायची’ होती. (हे वाक्य मी बरीच वर्षं वेगवेगळ्या शोरूममध्ये म्हणत आलोय.) कोपऱ्यात दोन सीटांची, छोटी, लाल कन्व्हर्टिबल (छप्पर मागे उघडता येणारी गाडी) उभी होती. वापरलेली, पण पुसून चकाचक. टप, म्हणजे तिचं कापडी छप्पर, अर्थातच उघडा.

अर्थातच म्हणतो, कारण टप लावलेली कन्व्हर्टिबल मी अजून एकाही शोरूममध्ये पाहिलेली नाही. आणि घरी नेल्यावर हीच गाडी बहुतेक वेळ टप लावूनच असते: ऊन, पाऊस, धूळ, रात्रीचं पार्किंग. म्हणजे विकतात एक गाडी आणि वापरायची दुसरीच.

सेल्समन म्हणाला, “बसा ना सर.” मी म्हणालो, “आधी टप लावून दाखवा.” त्याचा चेहरा पडला.

टप लावला आणि गाडी एकदम लहान झाली. डोकं कापडाला टेकायला बोटभर जागा. तिरकं मागे बघावं तर खिडकीऐवजी कापडच. मग मी कापडाच्या घड्या बघितल्या, कारण रोज जिथे घडी पडते तिथेच ते आधी विरतं. आणि मग माझा आवडता उद्योग. टपावरचं पाणी कडेच्या रबरावरून एका पन्हळीत उतरतं आणि बारीक नळ्यांतून गाडीखाली जातं. त्या नळ्यांत पाला-माती अडकली की पाणी आत शिरतं, कार्पेटखाली मुरतं, पत्रा आतून कुजतो आणि वरचा रंग मात्र झकास. म्हणून मी सीटमागचं कार्पेट दाबून पाहिलं, नाक खुपसून वासही घेतला. कोरडं होतं.

“नाडीपण बघ तिची,” ताई म्हणाली.

छप्पर नसण्याची खरी किंमत मात्र डोळ्यांना दिसत नाही. बुटाच्या खोक्याचं झाकण काढून खोका पिळून बघा, सहज पिळला जातो. साध्या गाडीचं छप्पर कापून कन्व्हर्टिबल केली की तेच होतं, मग दारांखालचे सिल (उंबऱ्यासारखे पत्र्याचे पट्टे) आणि फ्लोअर जाड करावे लागतात. म्हणूनच उघडी आवृत्ती बहुतेकदा बंद गाडीपेक्षा जड निघते. खड्ड्यातून जाताना आतला आरसा थरथरला, तर समजा खोका पिळतोय.

माझदा या जपानी कंपनीची छोटी कन्व्हर्टिबल एमएक्स-५ मला आवडते ती यासाठीच. ती मुळातच छपराविना आखलेली. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये आली, वजन जेमतेम टनभर, टप हातानेच मागे ढकलायचा. अशा छोट्या उघड्या गाड्यांचा जमाना संपला असं तेव्हा बरेच जण धरून चालले होते. २०१६ मध्ये तिचा दहा लाख गाड्यांचा आकडा पूर्ण झाला. मोटरवर घडी होणारी पत्र्याची छपरं पाहायला भारी, पण वजन वाढवतात आणि बिघडली की खिसा रिकामा. डिकीही तीच खातात. माझं मत कापडाला.

ताईचा प्रश्न ठरलेला: “वर्षातून किती दिवस उघडी चालवशील?” खरं सांगायचं तर थोडेच. पण छोट्या कन्व्हर्टिबलची गंमत दिवसांवर मोजण्यासारखी नाही. बुड रस्त्याला टेकल्यासारखं, टायरचा आवाज कानाशी, शेजारच्या ट्रकचं चाक डोळ्यांच्या रेषेत. चाळीसचा वेगही धाडस वाटतो. मोठ्या, ताकदवान गाडीत ती मजा यायला कायदा मोडावा लागतो. फक्त ते थोडे दिवस सोडून उरलेल्या दिवसांतही गाडी सहन व्हायला हवी, एवढंच माझं म्हणणं.

ताईने डिकीत तिची पर्स ठेवली, शेजारी माझी पाठपिशवी. डिकी संपली असं तिने जाहीर केलं. अतिशयोक्ती आहे, पण फार नाही.

सेल्समनने विचारलं, “टेस्ट ड्राइव्ह कधी ठेवू सर? रविवारी सकाळी? मस्त ऊन असेल.”

“पाऊस पडेल त्या दिवशी फोन करा.”

त्याला वाटलं मी थट्टा करतोय. नंबर मात्र त्याने लिहून घेतला.