एमडी५ जुळला म्हणजे फाइल तीच, हे खरं नाही

‘दोन वेगळ्या फाइलींचा एमडी५ जुळण्याची शक्यता २ च्या १२८ व्या घातात एक. हॅश जुळला की विषय संपला, फाइल तीच.’ असा मजकूर वकील आणि संगणकवाल्यांच्या ग्रुपवर फिरतो आहे. हॅश म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेला ठरावीक लांबीचा आकडा, जणू तिचा बोटाचा ठसा; एमडी५ ही तो काढण्याची एक जुनी पद्धत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात डिजिटल पुराव्यासोबत द्यायच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात हॅश लिहावा लागतो. म्हणून हा मजकूर तसाच सोडून देता येत नाही.

आधी आकडा. दिलेल्या हॅशला जुळणारी फाइल नुसतं चाचपडत शोधायची, तर २ च्या १२८ व्या घाताएवढे प्रयत्न लागतात. कोलिजनसाठी, म्हणजे दोन वेगळ्या फाइलींचा एकच हॅश निघण्यासाठी, मात्र कुठल्याही दोन फाइली एकमेकींशी जुळल्या तरी चालतं. त्यामुळे उत्तम हॅशसाठीसुद्धा २ च्या ६४ व्या घाताएवढे प्रयत्न पुरतात. त्यात एमडी५ उत्तम राहिलेलाच नाही. २००४ मध्ये शियाओयुन वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची कोलिजनं प्रत्यक्ष दाखवली. आज ती साध्या लॅपटॉपवर काही सेकंदांत निघतात. कुणी मुद्दाम जोडी घडवत असेल, तर योगायोगाचा हिशेब मांडण्यात काय अर्थ?

‘जुळणाऱ्या फाइली म्हणजे नुसता कचरा असतो, खरा दस्तऐवज तसा बनत नाही.’ यातला सगळ्यात घातक दावा हाच. दोन फाइलींच्या हव्या त्या सुरुवाती घ्यायच्या, प्रत्येकीमागे गणिताने काढलेले बाइट जोडायचे, की दोघींचा हॅश एक होतो. डिसेंबर २००८ मध्ये संशोधकांनी सुमारे २०० प्लेस्टेशन ३ यंत्रं जुंपून नेमकं हेच केलं. साध्या वेबसाइटच्या प्रमाणपत्रावर (साइट खरी असल्याची ब्राउझरला खात्री देणाऱ्या फाइलवर) अधिकृत सही मिळवली आणि तीच सही त्यांनी आधीच तयार ठेवलेल्या दुसऱ्या प्रमाणपत्रावर चालवली. त्या दुसऱ्याच्या जोरावर कुठल्याही साइटच्या नावाने प्रमाणपत्र देता आलं असतं. २०१२ मध्ये उघडकीस आलेल्या फ्लेम या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरने याच जातीच्या कोलिजनने मायक्रोसॉफ्टची सही बनावट केली. हा काही प्रयोगशाळेतला खेळ नव्हता.

‘मग एसएचए-१ घ्या.’ हॅशचा हा दुसरा प्रकार. तोही गेला. २३ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संस्था आणि गूगल यांनी एकच एसएचए-१ असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ जाहीर केल्या.

मजकुराच्या बाजूने एक गोष्ट मात्र खरी आहे. दुसऱ्याने बनवलेल्या, आधीच हॅश काढलेल्या फाइलला जुळणारी दुसरी फाइल घडवणं एमडी५ बाबतही आजवर व्यवहारात कुणाला जमलेलं नाही. म्हणून जप्तीच्या वेळी पंचनाम्यात लिहिलेला जुना एमडी५ आपोआप रद्दी ठरत नाही. पण मूळ फाइल ज्याने बनवली त्याचाच त्यात स्वार्थ असेल, तर त्याने जोडी आधीच तयार ठेवली नसेल कशावरून? हॅश जुळल्यावरही हा प्रश्न उरतो, आणि उलटतपासणीत तो विचारलाच पाहिजे.

कलम ६३ च्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात एसएचए-१, एसएचए-२५६ आणि एमडी५ हे पर्याय शेजारी शेजारी छापले आहेत. एका रांगेत आहेत म्हणून ते सारखे भक्कम नव्हेत. संपूर्ण एसएचए-२५६ चं कोलिजन आजवर कुणी दाखवलेलं नाही. खूण त्याच्यापुढे करा.