पांढऱ्यावर म्हणे काही दिसत नाही!

पंधरा मिनिटं. चहा प्यायला फक्त पंधरा मिनिटं वर गेलो. खाली आलो तर माझ्या गाडीच्या बॉनेटवर भाजीची पिशवी!

आणि कसली पिशवी! तळाला बटाट्यांची माती, वरून कोथिंबिरीचं पाणी गळतंय, कोपऱ्यात लोखंडी चेन. दुसऱ्या मजल्यावरचे काका तिथेच उभे राहून फोनवर बोलत होते. मला बघितलं आणि पिशवी उचलायची सोडून बॉनेटवरून खर्रकन ओढून घेतली. ओढून! मातीसकट!

मी म्हटलं, "काका, आत्ता वॅक्स केलंय हो."

"अरे मग पुसून टाक ना. पांढरी गाडी आहे, पांढऱ्यावर कुठे काय दिसतंय!"

काय दिसतंय? टॉर्च घेऊन या, दाखवतो. वीतभर चरे आलेत, चांगले चार. क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, जेमतेम 40-50 मायक्रॉनचा असतो, डोक्यावरच्या केसाहूनही पातळ. बटाट्याच्या मातीत वाळूचे खडे असतात. ते घासले की हेच होणार.

पहाटे साडेपाचला उठलो होतो मी. ऊन यायच्या आत काम संपवावं लागतं, पत्रा तापला की वॅक्स चिकटून बसतं. दोन बादल्या, एक शांपूची, एक मिट, म्हणजे गाडी घासायचा मऊ हातमोजा, धुवायची. मग आयर्न रिमूव्हर. पांढऱ्या गाडीवर ते नारिंगी ठिपके येतात ना, ते ब्रेकच्या चकत्यांमधून उडालेले लोखंडाचे कण, रंगात रुतून गंजतात. काळ्या गाडीवर सहज नजरेत येत नाहीत, पांढरीवर देवीच्या व्रणांसारखे दिसतात. फवारा मारला की जांभळे ओघळ येतात. मग क्ले, म्हणजे रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी. हाताला प्लॅस्टिकची पिशवी घालून पत्र्यावरून फिरवायची आणि जिथे खरखर लागेल तिथे पुन्हा क्ले. एकदा तुकडा खाली पडला, सरळ फेकून दिला, कारण जमिनीवरची माती घेऊन तो परत गाडीवर फिरवणं म्हणजे पॉलिश पेपर मारणं. आणि शेवटी वॅक्स. पांढऱ्या रंगावर पांढरं वॅक्स! कुठे लावलं, कुठे राहिलं, कुठे पुसलं, काही कळत नाही. मान वाकडी करून ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघत एकेक फूट पुढे सरकायचं. बंपरच्या काळ्या प्लॅस्टिकला चुकून लागलं तर मात्र लख्ख दिसतं, आणि ते टूथब्रश घेऊनही निघता निघत नाही. म्हणून आधी तासभर टेप चिकटवत बसलो होतो.

साडेतीन तास. आणि त्यावर बटाटे!

हे एकटे काकाच नाहीत. या सोसायटीत बॉनेट म्हणजे सार्वजनिक ओटा आहे. कोणी हेल्मेट ठेवतं, कोणी दूध, कोणी डब्याची पिशवी. मुलं धुळीत बोटाने नावं लिहितात, आयांना कौतुक. गाड्या पुसणाऱ्याला महिनाभर सांगतोय की माझ्या गाडीला फडकं लावू नकोस, तरी तो कोरडंच फडकं फिरवून जातो, तेच शेजारच्या गाडीची चाकं पुसलेलं. गेल्या वेळी सर्व्हिसिंगला दिली तेव्हा फॉर्मवर स्वतः लिहिलं होतं, "धुवू नये." धुऊन दिली! बोअरच्या पाण्याने, आणि उन्हात वाळवून. काचेवर अजून क्षारांचे गोल आहेत. व्हिनेगर झालं, सगळं झालं, जात नाहीत. कबुतरांना दाणे टाकणाऱ्या बाईंबद्दल तर मी बोलतच नाही. त्यांच्या गॅलरीच्या बरोब्बर खाली माझं पार्किंग. ती घाण उन्हात वाळली की रंग खाते, आणि यांना पुण्य!

सगळ्यांचं उत्तर एकच: पांढरी आहे, चालतं. नाही चालत! कर्जाचे हप्ते भरतोय मी, अजून 31 राहिलेत. माझ्या घरातली ही पहिली गाडी. बाबांनी आयुष्यभर एसटीने प्रवास केला. ती स्वच्छ असावी असं मला वाटतं, यात हसण्यासारखं काय आहे?

आता पुढच्या रविवारी बॉनेट पुन्हा धुणं, पुन्हा क्ले, चऱ्यांवर पॉलिश, मग वॅक्स.

काका, तुमच्या स्कूटरला पुढे हूक आहे. पिशवी तिथे अडकवा.