इंडिकेटर भराभर लुकलुकतो म्हणून बॅटरी बदलू नका

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा सल्ला असा: जुन्या एसयूव्हीची रेस आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) वर-खाली होतेय आणि इंडिकेटर भराभर लुकलुकतोय, तर बॅटरी मरायला टेकली आहे. टर्मिनल दहा मिनिटं काढून ठेवा. नाही जमलं तर बॅटरी बदला.

आधी इंडिकेटर. बॅटरी उतरली की दिवे मंदावतात; भराभर लुकलुकण्यामागे बहुतेक वेळा फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटरची उघडझाप करणारा रिले, असतो, आणि तोही मुद्दाम तसं करतो. सर्वसाधारणपणे एका बाजूला पुढे-मागे २१ वॅटचा एकेक आणि कडेला ५ वॅटचा, असे मिळून ४७ वॅटचे बल्ब असतात. १२ व्होल्टला जवळपास ४ अँपिअर. मोठा बल्ब गेला की करंट जवळपास निम्म्यावर येतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरला ते कळतं आणि ड्रायव्हरला कळावं म्हणून तो घाईने टिकटिकतो. हौसेने एलईडी बल्ब घातले असतील तर ते करंटच कमी ओढतात, म्हणून सगळे धडधाकट असूनही हेच. जुन्या, तापून वाकणाऱ्या पत्तीच्या फ्लॅशरचं साधारणपणे उलटं: बल्ब गेला की टिकटिक रेंगाळते किंवा दिवा पेटूनच राहतो. त्रास एकाच बाजूला असेल तर प्रश्नच मिटला, बॅटरीला डावं-उजवं कळत नाही. बल्ब काढा, होल्डरमधला हिरवट थर पॉलिश पेपरने घासा.

आता आयडलिंग. इंजिन चालू झालं की वीज अल्टरनेटर देतो. गाडी बंद असताना बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट आणि चालू असताना १३.८ ते १४.४ दिसत असतील, तर तिला सोडा. एमपीएफआय गाडीत (जिथे कॉम्प्युटर इंजेक्टरमधून पेट्रोल सोडतो) हवा आत सोडणाऱ्या थ्रॉटलच्या पाकळीभोवती कार्बन साचतो, आयडलिंगची हवा सांभाळणारा आयडल व्हॉल्व्ह चिकटतो किंवा व्हॅक्यूमचा रबरी पाइप तडकून हवा ओढतो. बोनेट उघडून कान द्या, मोठी गळती फुसफुसते. कार्ब्युरेटरवाल्या गाडीत आयडलिंगला पेट्रोल देणारा स्लो जेट चोंदलाय का ते बघायचं, डिझेलला फिल्टर आणि लाइनीतली हवा. मारुती जिप्सीच घ्या: आधी ती कार्ब्युरेटरवर यायची, नंतर एमपीएफआयवर. त्या मेसेजला कोणतं इंजिन हे विचारावंसंही वाटलेलं नाही.

टर्मिनल काढण्याचं तर नवलच. कार्ब्युरेटरच्या इंजिनाला रीसेट करायला कॉम्प्युटरच नसतो. एमपीएफआयमध्ये बहुतेक वेळा कॉम्प्युटरने बिघाडाची नोंद म्हणून साठवलेले फॉल्ट कोड पुसले जातात, म्हणजे मेकॅनिकच्या हातची चिठ्ठीच आपण फाडतो. शिवाय आयडलिंगची शिकलेली सेटिंगही जाऊ शकते. तरी काहींना गुण येतो, तो का? ढिला, पांढरी बुरशी धरलेला टर्मिनल परत लावताना आवळला जातो, म्हणून. श्रेय मात्र ‘रीसेट’ला.

दोन्ही तक्रारी खरंच एका वेळी सुरू झाल्या असतील तर त्या मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे, फक्त बोट चुकीच्या जागी ठेवलंय. इंजिन आणि बॉडीला जोडणारी अर्थची पट्टी जुन्या गाडीत गंजते. मग करंट भलत्या वाटा शोधतो: सेन्सर चुकीचं सांगतात, ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो. इंजिन चालू ठेवून हेडलाइट लावा, मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवा, मग बॉडीवर. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर पट्टी खोला, दोन्ही टोकं चकाकेपर्यंत घासा आणि परत मापून बघा.